बासष्ट गुहा आणि एक चांदणी

ज्याच्या स्मरणावाचून आमच्या घरात समईचीही वात पुढे सारली जात नाही, त्या मंगलमूर्तीला नमस्कार करून हे चार शब्द लिहावयास बसलो आहे. निमित्त असे की, आज सकाळी समोरच्या बिऱ्हाडाचे सासरेबुवा हातात एक करडी डबी घेऊन माझ्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "गुरुजी, सेल संपलं. तुमच्या रेडिओतलं दोन काढून देता काय?" त्या डबीचा इतिहास ज्यांना ठाऊक नाही, त्यांच्यासाठी सासरेबुवांच्या जावयाचे चरित्र सांगणे मला प्राप्तच आहे.

या भूतलावर चुका करणारे पुष्कळ आहेत, मीही त्यांतलाच एक आहे. परंतु दुसऱ्याच्या चुका ब्राह्ममुहूर्तावर उठून, पातळ कागद लावून, रेघ न रेघ उतरवून घेणारा सत्पुरुष एकच झाला, आणि तो म्हणजे आमचे जावईबापू. त्यांना सगळी इमारत याच नावाने ओळखते. मूळचे दादरचे, बँकेत कायम नोकरीत. विवाह राई गावातल्या मुलीशी. गावची शेतजमीन बिल्डरला दिल्यावर सासरेबुवांच्या वाट्याला भाईंदरात माझ्या दारासमोरचा ब्लॉक आला, आणि एकुलत्या एका लेकीला डोळ्यांआड करावयाचे नाही म्हणून त्यांनी लेक-जावयासह तेथेच संसार मांडला. येथवर सर्व शास्त्रोक्त होते. त्यानंतर जावईबापूंनी एके दिवशी बँकेचा राजीनामा दिला आणि ते गुहेत उतरले.

गुहा म्हणजे व्हिडिओ गेममधली. टीव्हीला यंत्र जोडून खेळावयाचा एक जुना खेळ होता. त्यात एक वाटसरू बुडालेल्या देवळाची हरवलेली घंटा शोधत बासष्ट गुहा पालथ्या घालतो. आता हातात मावणारे नवे यंत्र निघाले होते, आणि परदेशी मालकांना तोच खेळ त्या यंत्रासाठी पुन्हा, जसाच्या तसा, घडवून हवा होता. मूळ कारागिरांचे कागद म्हणे त्यांनी स्वतःच हरवले होते, उरली होती एक कॅसेट. पोथी हरवून केवळ पाठ उरावा, त्यातला हा प्रकार. बँक सोडून जावईबापू अंधेरीच्या ज्या कंपनीत लागले होते, तिच्याकडे हे काम आले आणि कंपनीने ते त्यांच्याच गळ्यात घातले. खेळ पास झाला तर बंगलोरच्या मुख्य कचेरीत बढती, असे ठरले. सासरेबुवांनीही आपली अट घातली. "दिवालीपर्यंत तुजा खेल पास झाला तर जा बंगलोरला, मी न्हाय अडवनार. न्हाय झाला तर पाडव्याला घोडबंदरच्या आपल्या रेतीच्या दुकानात गादीवर बसायचा. गादी रिकामी हाय." एका बाजूस बासष्ट गुहा आणि दुसऱ्या बाजूस रेतीचा ढीग, अशा पेचात हा जीव सापडला.

दिवसभर टीव्हीवर घरच्यांचा अधिकार असल्याने जावईबापूंनी पहाटेची वेळ धरली. मी संध्येसाठी चार वाजता उठे, तेव्हा समोर दिवा लागलेला असे. टीव्हीच्या काचेवर आधी ट्रेसिंग पेपर चिकटवायचा, मग यंत्र सुरू करायचे, वाटसरूला एका जागी थांबवायचे आणि दगड, पाणी, साप, जे दिसेल ते पेन्सिलीने उतरवायचे, हा त्यांचा नित्यनेम. माझ्या संध्येत कधी खाडा पडला असेल, त्यांच्या नेमात पडला नाही. गॅलरीतल्या दोरीवर धुतलेल्या कपड्यांच्या जागी रंगवलेल्या गुहा चिमट्यांत लटकू लागल्या, आणि सासरेबुवांचे धोतर जिन्याच्या कठड्यावर निर्वासित झाले. चेणे गावाहून आलेल्या एका पाहुण्याला रिक्षा स्टँडची वाट सांगताना जावईबापू सहज बोलून गेले, "सरळ जा, पाणी लागेल, तिथे उडी मारा, मग डावीकडे." तो पाहुणा पुन्हा आला नाही. काम कुठवर आले असे विचारले की उत्तर ठरलेले असे, "काका, टेन्शन नका घेऊ. बस एक रूम राहिलीय." ही एक खोली आषाढापासून भाद्रपदापर्यंत राहिली होती.

पुढे जो घोटाळा झाला, त्यात माझाही हात आहे, तो लपवणे धर्माला धरून होणार नाही. एके दुपारी जावईबापू चिंतातुर होऊन आले. एकोणिसाव्या गुहेत एक दगड होता, दिसायला भरीव, पण वाटसरू त्यातून आरपार जाई. मूळ कारागिरांची ती उघड चूक होती. "साहेब बोलतात, बंद कर ते. पण काका, लहानपणी आम्ही सगळे तिथूनच जायचो. काय करू?" त्या वेळी मी वडिलांची एक जीर्ण पोथी नव्या कागदावर उतरवीत होतो. कसरीने खाल्लेल्या जागी मी तेवढीच जागा कोरी सोडीत होतो, हे त्यांनी पाहिले.

"काका, तुम्ही भोकंसुद्धा कॉपी करताय?"

मी गुरुपदाच्या सर्व गांभीर्याने सांगितले, "आपल्याला मिळाले तसे पुढे द्यावे. मी माझ्या बुद्धीने भोक बुजवले, तर वडिलांचे कोणते आणि माझे कोणते, हे पुढच्याला कसे कळावे?"

जावईबापू वाकून नमस्कार करून गेले. असा आज्ञाधारक शिष्य मला चाळीस वर्षांच्या अध्यापनात लाभला नव्हता. लाभला नव्हता हे किती बरे होते, ते मला लवकरच कळावयाचे होते.

कारण त्यानंतर दोनच दिवसांनी ते चमकत्या डोळ्यांनी आले. "काका, एक सिक्रेट सापडलंय. गेममध्ये आकाशात एक लाल तारा आहे. प्रत्येक रूममध्ये, उजवीकडे वर, सेम जागेवर. आणि तो फक्त पहाटे दिसतो, दिवसा लावला की गायब. बनवणाऱ्यांनी काय डोकं लावलंय." गुहेच्या आत आकाश कोठून आले, हा प्रश्न मला पडावयास हवा होता. परंतु पहाटेची चांदणी म्हटल्यावर माझी विद्या उसळून वर आली, आणि ती शुक्राची असावी असा निर्णय मी तत्काळ दिला. त्या जुन्या यंत्रात घड्याळच नसते, त्याला पहाट आणि दुपार सारखीच, हे मला ठाऊक नव्हते. जावईबापूंना ठाऊक होते. पण श्रद्धा जडली की मनुष्य ठाऊक असलेले किती सहज विसरतो, हे मी देवळातही पाहिले आहे. त्यांनी बासष्टच्या बासष्ट गुहांत लाल चांदणी बसवली, आणि नमुन्याची कॅसेट परदेशी रवाना झाली.

नवरात्रात उत्तर आले. खेळ पाहिला, बाकी सर्व ठीक, परंतु हा लाल ठिपका कसला? आमच्या खेळात असे काही नाही. आठ दिवसांत खुलासा करा, अन्यथा काम दुसऱ्या कंपनीकडे जाईल. साहेबांनी फोनवर काय सुनावले ते जावईबापूंनी मला सांगितले नाही. ते एवढेच म्हणाले, "काका, मालकांनाच आपला गेम माहीत नाही. उद्या पहाटे तुम्ही आणि बाबा साक्षीला या. मी तारा दाखवतो."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी सोवळे नेसूनच गेलो. सासरेबुवा पाटावर बसून तंबाखू मळत होते. गादी झाडून ठेवल्याचे समाधान त्यांच्या मुद्रेवर दिसत होते. जावईबापूंनी कागद चिकटवला, यंत्र सुरू केले आणि बोट दाखवले. खरोखरच उजव्या कोपऱ्यात काळ्या आकाशात लालसर तारा होता. माझे हात नकळत जोडले गेले, हे येथे कबूल करतो.

एवढ्यात न्हाणीघरातून त्यांची पत्नी केस टिपत बाहेर आली. "अहो, जरा सरका ना," ती म्हणाली. तिने कागदाखाली बोटे घातली, आकाशातून तारा काढला आणि टीव्हीच्या काळ्या काचेत पाहून कपाळाला लावला. निजण्यापूर्वी टिकली काढून रोज त्याच कोपऱ्यात चिकटवावयाची आणि स्नान झाले की पुन्हा लावावयाची, हा तिचाही नेम होता. नवऱ्यापेक्षा जुना.

मग सासरेबुवांनी तंबाखूची चिमूट दाढेखाली ठेवली आणि म्हणाले, "जावाय, तुजा तारा चाललाय चा ठेवायला. जा, त्याला इचार खुलासा."

ती स्वयंपाकघराच्या दारात थबकली. काय घडले ते समजल्यावर हसेल असे मला वाटले, पण ती हसली नाही. "बासष्टही गुहांत?" तिने विचारले. जावईबापूंनी मान हलवली. "सगळीकडे मीच?" असे म्हणून ती आत गेली. त्यानंतर आठ दिवस त्या घरात टीव्हीवर हक्क सांगणारे कोणी उरले नाही. ती शेजारी बसून एकेक गुहा तपासत गेली, आणि जावईबापू आकाशातून एकेक टिकली पुसत गेले. एकोणिसाव्या गुहेतला दगड मात्र त्यांनी साहेबांचे न ऐकता तसाच ठेवला. मालकांचे शेवटचे पत्र आले, त्यात त्या दगडाचेच कौतुक होते. पूर्वी दुसऱ्या कोणी तो बुजवून दिला होता, म्हणून ते काम त्यांनी परत केले होते म्हणे. खेळ दिवाळीच्या चार दिवस आधी पास झाला.

सासरेबुवा शब्दाला जागले. पाडव्याच्या दिवशी रेतीच्या गादीवर ते स्वतःच जाऊन बसले. तुळशीचे लग्न झाले आणि लेक-जावई बंगलोरला गेले. निघताना, सामान जिन्यावरून खाली जात असता, तिने मालकांकडून परत आलेली नमुन्याची ती पहिली, सदोष कॅसेट हातात मावणाऱ्या नव्या यंत्रात, म्हणजे त्या करड्या डबीत, घालून वडिलांच्या हातात ठेवली. "ही पास झाली नाही बाबा, तुमच्याजवळ ठेवा."

आज मी रेडिओतले सेल काढून दिले. सासरेबुवांनी ते बसवले आणि कळ दाबली. वाटसरू पहिल्या गुहेच्या तोंडाशी उभा राहिला, वर उजवीकडे लाल चांदणी उगवली. बराच वेळ झाला तरी वाटसरू हलेना, म्हणून मी म्हटले, "पुढे न्या की त्याला. अजून एकसष्ट गुहा आहेत."

ते डबीवरून मान वर न करता म्हणाले, "कशाला, गुरुजी? तारा तर इथंच हाय."

उद्या सकाळी रेडिओ लागणार नाही, भूपाळी मीच म्हणेन. ज्यांच्या लेकी दूरदेशी नांदत आहेत आणि ज्यांच्या अजून दाराशी आहेत, त्या सर्व वाचकांच्या घरी श्रीमंगलमूर्ती सुख नांदवो, आणि तुमच्या आरशाच्या कोपऱ्यात चिकटलेली टिकली पुसावयाची घाई तुम्हा कोणालाही न होवो.