नाक्यावर अडकलेला जपानी खोका

माझा धाकटा भाऊ शेतकी खात्यातर्फे भातशेती शिकायला जपानला गेला, तेव्हा सगळ्या वस्तीला अभिमान वाटला आणि मायला काळजी. पोरगा ज्वारीच्या भाकरीवर वाढलेला, ताटात भात दिसला की नाक मुरडणारा. "ज्याला भात गिळत न्हाई, त्यालाच भाताच्या मुलखात धाडलंय," असं माय येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

नुसतं सांगून थांबली असती तर मी काही म्हटलं नसतं. पण तिनं रोजच्या जेवणातली अर्धी भाकरी मोडून दुरडीत झाकून ठेवायला सुरुवात केली. पोरगा तिकडं पोटभर जेवतो हे कळेपर्यंत आपणही पोटभर जेवायचं नाही, असा तिचा हट्ट. बहात्तरच्या दुष्काळानंतरचं ते वर्ष. दुष्काळात मिळत नव्हतं म्हणून उपाशी राहिलो, आता घरात ज्वारी असून ही बाई अर्धपोटी! ती अर्धी भाकरी दुसऱ्या दिवशी शेळीला जायची. चार महिन्यांत शेळी सुधारली आणि माय वाळली.

मी तेव्हा जिंतुरात प्राथमिक शाळेवर शिक्षिका होते. वर्गातला आवाज घरीही तसाच लागायचा. शेवटी मी भावाला खरमरीत पत्र टाकलं, "तू काय गिळतोस ते सविस्तर लिही, नाहीतर माय हाती लागायची नाही." त्याचं उत्तर आलं, "लिहून काय कळणार? रोज खातो तेच पाठवतोय. मायला खाऊ घाल."

त्याच्याबरोबरचा एकजण लवकर परतला. त्यानं मुंबईहून परभणीपर्यंत खोका आणला आणि तिथून जिंतूरच्या एसटीत कंडक्टरच्या हवाली केला. रविवार होता. मी आणि माय स्टँडवर गेलो, तर खोका कंडक्टरकडे नव्हताच. तो स्टँडलगतच्या जकात नाक्यावर नेला होता.

गावात येणाऱ्या मालावर नगरपालिकेची जकात असायची. नाक्याच्या पत्र्याच्या खोलीत दरांचं मोठं पत्रक टांगलेलं होतं: गूळ, सरकी, कागद, इमारती लाकूड आणि असंच बरंच काही. नाकेदार निवृत्तीला आलेले. निजामाच्या राज्यात ते करोडगिरीत, म्हणजे तिथल्या कस्टममध्ये, वऱ्हाडच्या हद्दीवर नोकरीला होते. राज्य गेलं, करोडगिरी गेली, पण त्यांचा रुबाब काही गेला नव्हता.

खोका उघडून त्यांनी चारही पुड्या टेबलावर मांडल्या होत्या. पुड्यांवर सगळी जपानी अक्षरं. सोबत मुंबईच्या कस्टमची चिठ्ठी होती, तिच्यावर चार जिनसांसमोर करपत्रकातल्या खान्यांचे चार वेगवेगळे आकडे होते, नाव एकाचंही नव्हतं.

"खायचा माल आहे, माझ्या भावानं पाठवलाय," मी म्हटलं.

"बाई, खायचा माल आसता तर मुंबईच्या साहेबांनी एकच आकडा टाकला आसता," नाकेदार म्हणाले. "चार आकडे म्हंजी चार खाने. जिनसेला नाव मिळाल्याबिगर पावती फाडता येत न्हाई. पस्तीस वर्षं हेच केलंय मी."

आणि ते खरोखर कामाला लागले. पहिल्या पुडीत काळेभोर पातळ चौकोनी कागद होते. त्यांनी त्यातला एक दोन पावत्यांमध्ये घालून वर पेन्सिल दाबून पाहिली. खाली काही उमटलं नाही. "कार्बन पेपर हाय. सफरीत ओल लागलेली दिसतीय," ते म्हणाले आणि लिहिलं, कागद. दुसऱ्या पुडीतली हिरवी पानं हुंगून लिहिलं, वाळला चारा. तिसऱ्या पिशवीतला तपकिरी लगदा दोन बोटांत चोळून लिहिलं, गाडीच्या आखाचं वंगण. चौथ्या पुडीत वीतभर लांबीचा काळपट दांडका होता. तो त्यांनी टेबलावर आपटला. ठणठण वाजला. लिहिलं, इमारती लाकूड.

माय इतका वेळ माझ्यामागं उभी होती. ती एकदम भुईवर बसली.

"साहेब, म्हंजी माझं लेकरू तिकडं लाकूड खायलाय? चारा खायलाय? वंगण खायलाय?" तिच्या डोळ्यांतून धार लागली. "तरी मी म्हनत होते, त्याला पोटाला मिळंना."

मला नाकेदारांचा असा संताप आला की सांगता सोय नाही. "लाकूड कुणी खातं का? पोस्टानं फर्निचर पाठवायला माझा भाऊ सुतार आहे का?" असं मी ओरडले. एसटी पोस्ट नव्हे, हेही मला सुचलं नाही. स्टँडवरची माणसं गोळा झाली. नाकेदार मात्र शांत होते. मायच्या रडण्यानं ते थोडे ओशाळले होते, पण हिशेब चुकला असेल असं त्यांना अजून वाटत नव्हतं.

"तपास करू की. घाई कामून?" असं म्हणून त्यांनी समोरच्या सुताराला हाक मारली. सुतार रंधा घेऊन आला, दांडका मांडीखाली दाबून त्यानं रंधा चालवला. लाकडाच्या निघाव्यात तशाच पातळ, गुंडाळलेल्या साली निघाल्या.

"बगा!" नाकेदार म्हणाले.

"लाकूडच हाय," सुतारही म्हणाला. "झाड कोन्तं ते कळंना, पन सागापरास टनक हाय."

झालं. पण मायनं रडता रडता मान वर केली. नाक फेंदारलं. पुढं सरकून तिनं भुईवरची एक साल उचलली, हुंगली आणि सरळ तोंडात टाकली.

"अगं बाई," ती म्हणाली, "ही तर सुकी मासळी हाय!"

मायचं माहेर येलदरीकडचं, पूर्णेच्या काठचं. पत्र्यावर मासे वाळत घालायचे, हे तिच्या लहानपणीचं काम. तिनं सालींची मूठ भरून नाकेदारांपुढं धरली. त्यांनी हुंगली, चाखली आणि चष्मा काढला. मग सुतारानं चाखली, आणि रंधा धोतराला पुसत तो निघून गेला. मायनं वंगणात बोट घातलं. "आंबवलेल्या डाळीचं काईतरी हाय, लय खारट." हिरवी पानं चघळून म्हणाली, "ही चहाची पत्ती हाय." काळा कागद म्हणजे वाळवलेलं शेवाळ होतं, हे पुढं कळलं; त्याचा तुकडा चावून ती हसली. "ह्याला तर पूर्णेच्या पान्याचा वास हाय. माझं लेकरू माझ्या माहेरचं खायलाय, साहेब!"

नाकेदारांनी लिहिलेलं सगळं खोडलं. पत्रकावर बोट फिरवत ते बराच वेळ उभे होते. सुक्या मासळीला दर होता, चहाला दर होता, मी तर पर्स उघडूनच बसले होते. शेवटी त्यांचं बोट अगदी खाली, माफीच्या जिनसांवर थांबलं.

"प्रवाशाची शिदोरी," त्यांनी वाचलं. "माफ."

मला गप्प बसवेना. "पण साहेब, प्रवासी तर जपानात आहे."

"बाई, तुमी शाळा शिकवा," ते म्हणाले. "मुंबईवाल्यांनी चार खान्यांत घातलं ते बराबरच आसंल. लेकरानं आईला जेवन दाखवाया धाडलं, त्याच्यासाठी माझ्याकडं ह्यो एकच खाना हाय." त्यांनी खोका स्वतःच्या हातानं सुतळीनं बांधून दिला, आणि मायपुढं दोन्ही हात जोडले. मघाशी ओरडले त्याची मला फार लाज वाटली.

घरी आल्याबरोबर मायनं तव्यावर त्या साली तेल, लसूण आणि तिखट घालून परतल्या. सगळी गल्ली वासानं जागेवर थांबली. माय जेवायला बसली. रोज ती करायची तसं मीच तिची अर्धी भाकरी मोडून दुरडीकडं वळले.

मायनं मागून ताट पुढं केलं.

"ती बी वाढ," म्हणाली.