क्वीनचं कव्हर

"आता थोडं विचित्र दिसेल हं काकू, घाबरू नका," भूल देणाऱ्या मुल्ला मॅडम सांगतायत. "केटामाइननं शरीराची आणि मेंदूची थोडा वेळ फारकत होते."

"माझ्या मेंदूचं माझ्याशी तसंही कुठं पटतं," मी म्हणते.

मोडलेलं मनगट उजवं आहे, कॅरमचं. वर्षभर मामंजींचा आणि माझा अर्धा डाव घरी चादरीखाली तसाच पडून आहे. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्यासमोर क्वीन घेतली, तिच्यामागून एक सोंगटी घालून कव्हर करायचं तेवढं राहिलं आणि वीज गेली. "कव्हर उद्या," म्हणून सासरे झोपले, ते उठलेच नाहीत. काल तो डाव उघडायचा एकदाचा धीर केला आणि बोर्डावर टांगलेला बल्ब बदलायला स्टुलावर चढले, तर हे असं. बोट पूर्वीसारखं चाललं नाही तर तो डाव कधीच पुरा होणार नाही. मला रडूच येतंय.

सुई टोचते. छतावरचा दिवा खाली यायला लागतो, येतच राहतो, आणि आमच्या बोर्डावरचा बल्ब होऊन थांबतो. हिरवा पडदा खडखडत शटरसारखा वर जातो. आत मामंजींचं औषधाचं दुकान. काउंटरवर कॅरम आणि पलीकडे बनियनवर बसलेले मामंजी, बोर्डावर पावडर शिंपडतायत.

"काय सूनबाई, हात मोडून घेतलास व्हय?"

आवाज अगदी तोच. मला इतका आनंद होतो की पाया पडायचंही राहून जातं.

"मामंजी, तुम्ही खरे आहात की औषधामुळं दिसताय?"

"मला काय म्हाईत? मला वाटलं, तूच माझ्या सपनात आलीयास."

"मॅडम म्हणतात, मेंदूची फारकत..."

"फारकत न्हवं गं. डोक्यात पावडर जरा जास्त पडलीया. सोंगट्या कुठंबी घसरत जात्यात. तशी तू हितं आलीस."

बोर्ड आता पंचगंगेच्या घाटाएवढा आहे. काळ्यापांढऱ्या सोंगट्या पाण्यावर तरंगतायत. मामंजी पायजमा गुडघ्यापर्यंत खोचून पाण्यात उभे आहेत आणि पाणी म्हणजे सगळी पावडरच आहे.

"मार की!"

"हात मोडलाय, मामंजी."

"हात तिकडं डॉक्टरकडं हाय. बोट तुझ्याकडंच हाय न्हवं? आन् ऐक, कव्हर झालं न्हाई तर क्वीन परत बोर्डावर. सून म्हणून सवलत न्हाई."

मी खदखदून हसते. तेही हसतात, कवळी निसटेपर्यंत. मी नेम धरते आणि बोट सोडते. स्ट्रायकर निघतो, सोंगटीला लागतो, सोंगटी पॉकेटच्या काठावर जाऊन डुलत राहते. आम्ही दोघं वाकून बघतो.

"वीज गेली!" मामंजी ओरडतात.

"काकू, बोटं हलवून दाखवा," मुल्ला मॅडम म्हणतायत.

हात तळव्यापर्यंत प्लास्टरमध्ये आहे. बोटं मोकळी आहेत आणि पहिलं बोट पांढरंशुभ्र, पावडर लागलेलं. हाताजवळ टेबलावर कसल्याशा बाटलीचं निळं झाकण पडलंय. मी बोट वाकवते, सोडते. झाकण सरळ घसरत कडेपर्यंत जातं आणि खालच्या स्टीलच्या बादलीत टण् करून पडतं.

"कव्हर!" मी ओरडते.

"अजून उतरली नाही वाटतं," सिस्टर हसते आणि ओला कापूस घेऊन येते. "आणा ते बोट, प्लास्टरची पावडर लागलीय. पुसून देते."

मी हात मागे घेते.

"राहू दे गं. घरी बोर्ड मांडलेला आहे."