डॉकवरची चावी

कॅन्टीनमध्ये पॅकिंगच्या मुली मोबाइलवर एक सिनेमा बघत होत्या. त्यातली बाई घटस्फोट झाल्यावर केस कापून येते, एकटीनं घर घेते आणि शेवटी खिडकीत उभी राहून हसते. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, तुमचीच स्टोरी."

मी डबा बंद केला. माझे केस कापले नव्हते, नवऱ्यानं उपटले होते. घटस्फोटानंतरची माझी पहिली खरेदी म्हणजे पुढे लोखंडी टोपी असलेले बूट. काल्हेरच्या गोदामात ते घातल्याशिवाय डॉकवर, म्हणजे गाड्यांचा माल उतरवायच्या ओट्यावर, उभं राहू देत नाहीत.

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. बी.कॉम., तेही एकदाही नापास न होता. हे मी सांगते आणि सांगणार. लग्न झालं मानकोलीकडच्या टेम्पो ड्रायव्हरशी. तो ड्युटीवर निघाला की खोलीला बाहेरून कुलूप लावायचा आणि आपल्या आईला सांगायचा, "शिकलेली हाय, पळंल." किल्ली गाडीच्या चाव्यांच्या गुच्छात, लाल दोऱ्याला. तिसऱ्या वर्षी त्यानं चाक खोलायचा पाना माझ्या गळ्याजवळच्या हाडावर मारला. दवाखान्यात सासू म्हणाली, "मोरीत घसरली." मी म्हणाले, "नाही. मारलं." तिथून थेट शेलारला, आईकडे. आई एवढंच म्हणाली, "बाय, आता परत जाव नको."

पुढे रीतसर घटस्फोट झाला आणि मी डॉक सुपरवायझर झाले. आमच्याकडे एक नियम आहे. गाडी डॉकला लागली की ड्रायव्हरनं चावी सुपरवायझरच्या हातात द्यायची. ती फळ्यावरच्या खिळ्याला लटकते. माल उतरला की रजिस्टरमध्ये सही करून चावी परत. कारण लोडर डोक्यावर खोका घेऊन डॉक आणि गाडीच्या मधल्या फटीवरून ये-जा करतात. तेवढ्यात गाडी हलली तर पाय गेलाच. ड्रायव्हर कुरकुरायचे, "मॅडम, एसी चालू ठेवू द्या ना." मी कोणालाही सूट दिली नाही.

एका दुपारी तो आला. ट्रान्सपोर्टवाल्यानं पाठवलेली गाडी त्यानं रिव्हर्समध्ये डॉकला लावली आणि बोटावर गुच्छा फिरवत खाली उतरला. तोच लाल दोरा.

"काय गं, साहेबीण झालीस काय?"

चावीसाठी हात पुढे करायचा होता, तो झालाच नाही. मी रजिस्टरमध्ये मान घातली आणि म्हणाले, "गाडी खाली करायला घ्या."

लोडरांचा मुकादम, यूपीचा म्हातारा माणूस, फळ्याकडे बघत म्हणाला, "मॅडम, चाबी?"

"है मेरे पास."

खोटं. दीड मिनिटानं त्या ड्रायव्हरला फोन आला. बोलत बोलत तो केबिनमध्ये चढला आणि गाडी चालू केली. गाडी हातभर पुढे गेली, फटीत एका लोडरचा पाय उतरला आणि गाडी मागे आली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. त्यानंतरची किंकाळी दोन शेड पलीकडे गेली असेल. रक्त पुठ्ठ्यात मुरत होतं आणि मी रिकाम्या खिळ्याकडे बघत होते.

मॅनेजर म्हणाले, "ड्रायव्हरनं दुसरी चावी वापरली असं लिहा. तुमची नोकरी वाचेल."

मी माझ्या हातानं लिहिलं: चावी मी घेतली नव्हती. घेतली असं खोटं सांगितलं.

"एवढं शिकून हेच लिहिता?"

"एवढं शिकले म्हणूनच लिहिते."

महिनाभर बिनपगारी घरी बसवलं. परत घेताना बजावलं, आणखी एक तक्रार आली की गेट बंद. हॉस्पिटलमध्ये गेले तेव्हा लोडरच्या बायकोनं सगळ्या वॉर्डसमोर माझ्या थोबाडीत मारली. मी तशीच उभी राहिले. तिचं काही चुकलं नव्हतं. पायात रॉड घालून लोडर कामावर आला. आता तो स्टुलावर बसून खोके मोजतो, शेजारी कुबडी. तेव्हा माझ्याशी बोलत नव्हता. मुकादमही नाही.

त्या ड्रायव्हरवर पोलीस केस झाली, जामीनही झाला. ड्रायव्हर मिळत नाहीत म्हणून गाडीच्या मालकानं त्याला पुन्हा गाडीवर घेतलं. आणि एक दिवस तीच गाडी घेऊन तो आमच्या डॉकला लागला.

मी हात पुढे केला. "चावी द्या."

"तुना देऊ? मी मरद हाय."

"चावी द्या, मग माल उतरेल." हे 'द्या' मी प्रत्येक ड्रायव्हरला म्हणते. नवऱ्याला म्हणायचं घरातलं 'द्या' नव्हतं ते, आणि त्याला तेच झोंबलं. त्यानं कानाखाली अशी मारली की मी खोक्यांवर पडले. ओठ फुटला. जुनं हाड ठणकलं. लोडर जागच्या जागी थांबले.

चाकाखाली लावायचा लाकडी ठोकळा हाताला लागला. उठले आणि त्याच्या मनगटावर हाणला. गुच्छा खाली पडला. तरी मी आणखी एक हाणला. तो दुसरा फटका चावीसाठी नव्हता. तो मी त्या पान्यासाठी मारला, हे मला तेव्हाही माहीत होतं. तो मनगट धरून खाली बसला आणि ओरडायला लागला.

चावी स्टुलाजवळ पडली होती. लोडरनं कुबडीचं टोक लाल दोऱ्यात अडकवलं आणि गुच्छा ओढून माझ्या बुटापाशी आणला.

"टांग दीजिए, मॅडम."

मी गुच्छा खिळ्याला लटकवला. मॅनेजर धावत आले. मनात म्हटलं, गेलं गेट. "कोणी सुरू केलं?" त्यांनी विचारलं.

मुकादम म्हणाला, "साब, चाबी का मामला था. मिल गयी. गाडी खाली करें?"

मॅनेजरनी माझ्या ओठाकडे बघितलं, फळ्याकडे बघितलं. "करा," म्हणाले आणि ट्रान्सपोर्टला फोन लावला, या ड्रायव्हरला पुन्हा पाठवू नका म्हणून.

माल उतरेपर्यंत तो ड्रायव्हरांच्या बाकावर बसून होता. मग मी रजिस्टर पुढे केलं. उजवा हात सुजला होता म्हणून त्यानं डाव्या हातानं, लहान पोरासारखी, वाकडी सही केली. मी ती नीट तपासली आणि मगच चावी दिली.