न धुतलेला चमचा

सरांचा राग मला आजही येतो, आणि मी जे केलं त्याचा पश्चात्ताप आजही होत नाही.

गडहिंग्लजहून कोल्हापुरात येऊन मी सरांच्या हाताखाली पीएच.डी. करत होते. विषय एका औषधाचा. त्याचे रेणू दोन रूपांत असतात, उजव्या नि डाव्या पायाच्या चपलेसारखे. उजवं कामाचं, डावं बिनकामाचं. दोन्ही विरघळलेलं कोमट द्रावण हळूहळू थंड करायचं आणि त्यात उजव्याचे चिमूटभर स्फटिक बियाण्यासारखे टाकायचे, की उजवेच वाढत जातात. डावे जागे व्हायच्या आत गाळून घ्यायचे. किती तापमानाला, किती मिनिटांनी, हे शोधण्यात माझी दोन वर्षं गेली.

शोधनिबंध छापून आला तेव्हा त्यावर सरांचं नाव होतं आणि त्यांच्या भाच्याचं. विचारायला गेले तर सर सगळ्यांसमोर म्हणाले, "तू भांडी धुतलीस. त्याला संशोधन म्हणत नाहीत."

धुवायचे, खरंच. सरांना एक खोड होती: दोन्ही स्फटिकांच्या बाटल्यांत एकच चमचा घालायचे. डाव्याचे कण चिकटून आले की पुढच्या द्रावणात डावेही वाढणार. म्हणून मी दर वेळी गुपचूप तो धुऊन, पुसून ठेवायचे. सरांना ते कधी कळलंच नाही.

महिन्याभरानं एका कंपनीचे पाहुणे प्रयोग बघायला आले. सरांनी त्यांना डावे स्फटिक चमच्यावर घेऊन दाखवले, चमचा टेबलावर ठेवला आणि बोलत राहिले. मी हाताची घडी घालून उभी. मग त्याच चमच्यानं त्यांनी उजव्याचं बी टाकलं. स्फटिक आले, पांढरेशुभ्र, देखणे. यंत्रात तपासले तर आकडा जवळजवळ शून्य, म्हणजे दोन्ही रूपं सारख्याच प्रमाणात. सरांच्या कपाळावरचा घाम बघून मला जे सुख झालं, ते पदवी मिळाली तेव्हाही झालं नाही.

काय चुकलं, पाहुण्यांनी विचारलं. सर भाच्याकडे बघायला लागले, भाचा पंख्याकडे.

"चमचा धुतला न्हाय, सर," मी म्हणाले. "रोज मी धुते की. आज धुतला न्हाय."

मग मी तो धुतला, कोरडा केला आणि नव्या द्रावणात माझ्या हातानं बी टाकलं. दुपारपर्यंत आकडा हवा तसा आला. पाहुण्यांनी माझं नाव विचारलं. मी तोंड उघडायच्या आत सरांनीच ते सांगितलं, आडनावासकट.