चौकातली खुर्ची

पिलारबाईंनी मला बसायला खुर्ची दिली, हे आधी सांगतो.

स्पेनमधल्या या जुन्या गावात मी एका हॉटेलात भांडी घासतो. आठवीत शाळा सोडली, त्यामुळे कुठली कमान कुठल्या राजाची, ते मला कळत नाही. पण चौकातल्या कमानींखालचा दगडी कट्टा माणसं बसून बसून खोलगट झालाय, एवढं दिसतं. तिथं टेकलं की आमच्या गावचा पार आठवतो.

काल टेकलो, तर शेजारच्या कॅफेचा वेटर म्हणाला, "ऊठ. हा कट्टा आता आमच्या गिऱ्हाइकांचा." भांडण झालं तर काम जाईल, म्हणून मुकाट उठलो. पण आतून पेटलो. शेकडो वर्षं लोकांनी झिजवलेला दगड, त्यावर यांनी चार गाद्या टाकल्या की झाला यांचा?

समोरच्या म्हाताऱ्या पिलारबाईंनी हे दारातून पाहिलं. इथली माणसं संध्याकाळी वारा खायला घरच्या खुर्च्या बाहेर मांडतात. त्यांनी आपली खुर्ची थेट कॅफेच्या टेबलांमधे आणून मला बसवलं.

"पिलारबाई, मालक रागावेल," वेटर म्हणाला.

"मालकाला सांग, याच कट्ट्यावर त्याला उघड्या ढुंगणानं रांगताना पाहिलंय मी."

मग गादी बाजूला सारून त्या स्वतः कट्ट्यावर बसल्या. दगड गार होता आणि त्यांचे गुडघे दुखतात.

कधीतरी मी एक चांगली खुर्ची घेईन आणि याच चौकात मांडीन. तिच्यावर पिलारबाई बसतील, कट्ट्यावर मी. ऊठ म्हटलं तरी तेव्हा उठणार नाही.