हिरव्या शाईच्या काकू

स्वर्गाच्या दारावर जर काही मजकूर लिहिलेला असेल, तर आमच्या काकू तो तपासल्याशिवाय आत पाऊल टाकणार नाहीत, याबद्दल ईडन प्रेरीतल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांत दुमत नाही. त्या माझ्या सख्ख्या काकू नव्हेत. आमच्यापासून चार घरं सोडून त्यांचा मुलगा राहत असे. त्या नगरच्या, मी जालन्याचा; मिनेसोटाच्या थंडीत नातं जुळायला एवढं पुष्कळ होतं. नगरच्या एका लहानशा छापखान्यात त्यांनी उभी हयात मुद्रितं तपासली. धर्मपुस्तिका, गीतांच्या वह्या, नाताळची पत्रकं, मंडळ्यांचे वार्षिक अहवाल, जे जे छापायला आलं ते त्यांच्या डोळ्यांखालून गेलं. निवृत्त झाल्यावर मुलानं त्यांना इकडे आणलं. मुलाला वाटलं, आई आता आराम करेल. आईला वाटलं, इकडे काम फार साचलंय.

आमची मराठी उपासना महिन्यातून एकदा, एका गोऱ्या मंडळीच्या चर्चच्या तळघरात भरते. पंधरा-सोळा कुटुंबं, एक पेटी, एक प्रोजेक्टर आणि शेवटी सगळ्यांनी आणलेलं जेवण. काकू पहिल्यांदा आल्या त्या दिवशी पडद्यावरच्या गीतात 'चिंता'वरचा अनुस्वार कुणीतरी खाल्ला होता, आणि आम्ही सगळे पडद्याकडे पाहून, आपापल्या सर्व चिता प्रभूवर टाकत होतो. एकट्या काकूंनी अनुस्वार म्हटला. असा म्हटला की पेटी थांबली. उपासना संपल्यावर त्यांनी पर्समधून हिरव्या शाईचं पेन काढलं आणि स्लाइड बनवणाऱ्या भावांना (मंडळीत सगळे एकमेकांचे भाऊ-भगिनीच) विचारलं, "याची मूळ प्रत कुठे आहे?" हिरवी शाई का, असं मी पुढे एकदा विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "लाल शाई शाळामास्तरांची. लाल पाहिली की माणूस आधी घाबरतो आणि मग भांडतो. हिरवी पाहिली की नुसता भांडतो." त्या पेनाच्या तडाख्यातून काही सुटलं नाही. जेवणाच्या टेबलावर 'चिकण बिर्याणी' अशी चिठ्ठी लावलेली असली, तर काकू आधी चिठ्ठी दुरुस्त करत आणि मगच वाढून घेत. एका कुटुंबानं मुलीच्या लग्नाची पत्रिका पाठवली, ती काकूंनी तपासून, सात चुका दाखवून, खाली 'वधूवरांस अनेक आशीर्वाद' असं लिहून परत पाठवली. वधूची आई दोन महिने काकूंशी बोलली नाही. धाकट्या मुलीचं ठरलं तेव्हा मात्र पत्रिका छापायच्या आधी काकूंकडे आली. माझ्या मुलीनं जेवणाआधीची प्रार्थना मराठीत करावी म्हणून आम्ही धडपडत होतो, काकू जेवायला आल्या आणि दुसऱ्या दिवशी मुलीनं मला सांगितलं, "डॅडी, आजी करेक्टेड माय आमेन." तिनं तो फार लांबवला होता म्हणे.

हे सगळं चाललं असतं. पण त्याच सुमारास आमच्या मंडळीत ई-पुस्तकांची साथ आली. फाइल चढवायची, चित्र निवडायचं, बटण दाबायचं, की संध्याकाळपर्यंत माणूस लेखक. वर्षभरात पंधरा कुटुंबांत नऊ लेखक निघाले. एका भावांनी शनिवार-रविवारी मिळून 'प्रार्थनेचे एक्कावन्न मार्ग' लिहिलं. काकूंनी मोजले, ते सत्तेचाळीस भरले. भाऊ शांतपणे म्हणाले, "उरलेले चार पवित्र आत्मा वाचकाला दाखवेल." एका भगिनींच्या साक्षीच्या पुस्तकावर उत्तम मेंढपाळाचं चित्र होतं, कॉम्प्युटरकडून काढून घेतलेलं, त्याच्या आशीर्वादाच्या हाताला सहा बोटं होती आणि मागच्या कुरणातून विजेच्या तारा गेल्या होत्या. काकूंनी दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "काकू, हे माझं लिखाण नाहीच. प्रभूनं सांगितलं, मी फक्त टाइप केलं."

"मग टाइप तरी नीट करायचं होतंस," काकू म्हणाल्या. "चुका त्याच्या नावावर जातात."

हा त्यांचा लाडका मुद्दा होता. त्यांचं म्हणणं असं की, देवानं जग केलं तेव्हासुद्धा घाई केली नाही. दर दिवसाचं काम झाल्यावर थांबून पाहिलं, चांगलं झालंय का. आणि तुम्ही त्याच्या नावानं पुस्तक काढता ते स्वतः एकदाही वाचत नाही. "लोक म्हणतात, भाव महत्त्वाचा," त्या म्हणत. "पाहुण्याला धुतलेलं ताट देणं हाही भावच असतो." नऊ लेखकांपैकी आठ जण त्यांना पार्किंगमध्ये पाहिलं की गाडीतच बसून राहू लागले.

नववा मी होतो. माझा धंदा सॉफ्टवेअर तपासण्याचा. एखादं बटण चार ठिपके डावीकडे सरकलं असेल तर मी अख्ख्या टीमचं काम आठवडाभर अडवून धरतो, आणि त्याबद्दल मला बक्षीसही मिळालं आहे. तरीही माझं स्वतःचं पुस्तक मी अकरा दिवसांत लिहिलं आणि बाराव्या दिवशी चढवलं. पुस्तक पप्पांवर होतं. ते जालना जिल्ह्यातल्या एका खेड्यात चर्चचे पाळक होते, त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि वर्षश्राद्ध आपल्यात नसलं तरी त्या तारखेच्या आत काहीतरी व्हावं असं मला वाटत होतं. बायकोनं विचारलं, "काकूंना दाखवलंस?" मी म्हटलं, "वेळ कुठे आहे?" ती म्हणाली, "ऑफिसमध्ये तू असं रिलीज होऊ देशील का?" मी विषय बदलला.

तीन दिवसांनी दुपारी काकू बर्फातून चालत आमच्याकडे आल्या. त्यांच्या हातात माझं सबंध पुस्तक होतं, मुलाच्या प्रिंटरवर काढलेलं. त्यांनी बूट काढले, कोट काढला, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या आणि पहिलं वाक्य वाचलं. "माझे वडील एका खेड्यात पालक होते." मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मेथी कोण होतं?"

घोळ असा झाला होता की इंग्रजी कीबोर्डवर मराठी लिहिताना लहान एल दाबला की 'ल' उमटतो आणि शिफ्ट धरून दाबला की 'ळ'. मी घाईत संपूर्ण पुस्तकभर शिफ्टला हात लावला नव्हता. पाळकाचा पालक झाला होता. 'प्रत्येक ओळ प्रार्थनेतून आली' असं मी प्रस्तावनेत लिहिलं होतं, तिथे प्रत्येक ओल प्रार्थनेतून आली होती. 'लोभ हे सर्व पापांचं मूळ' हा पप्पांचा आवडता उपदेश, तिथे लोभ सगळ्या पापांचं मूल होऊन बसला होता. काकू एकेक वाचत गेल्या. बायको तोंडाला पदर नाही तर निदान स्वेटरची बाही लावून हसत होती, आणि मला राग आला.

"काकू," मी म्हटलं, "हे पुस्तक श्रद्धेनं लिहिलंय. परीक्षेला बसायला नाही. वाचणाऱ्याला काय म्हणायचंय ते कळतं."

"कळतं," त्या म्हणाल्या. "ल-ळ मी दुरुस्त केलेत. त्याला काय, दोन दुपारी लागल्या. मी आले ते यासाठी." आणि त्यांनी चाळिसावं पान काढून माझ्यासमोर सरकवलं.

त्या पानावर मी लिहिलं होतं, 'पप्पांचा विश्वास आयुष्यात कधीही डलमलला नाही.' काकूंनी दोन्ही ळ नीट करून दिले होते, आणि वाक्याच्या शेजारी, समासात, एवढंसं लिहिलं होतं, 'खरं का?'

ते खरं नव्हतं. मी नऊ वर्षांचा असताना माझा धाकटा भाऊ काविळीनं गेला. त्याचा अंत्यविधी पप्पांनी स्वतः केला, प्रार्थना म्हटली, माती टाकली, घरी आले, आणि त्यानंतर तीन महिने ते वेदीवर उभे राहिले नाहीत. आई लोकांना सांगायची, साहेबांचा घसा बसलाय. ते मागच्या अंगणात खाटेवर बसून असत. एकदा मी पाण्याचा तांब्या घेऊन गेलो तेव्हा ते म्हणाले, "तू प्रार्थना करतोस का रे अजून?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "कर. माझ्याही वाटची कर." हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. तिथे टेबलाशी मी ते काकूंना सांगितलं, आणि बायकोनं मागून येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला.

काकूंनी कुठलंही सांत्वन केलं नाही. पेन बंद केलं आणि म्हणाल्या, "पुस्तक खाली उतरव. आता लिही."

उतरवलं. तारीख हुकली. तो अख्खा हिवाळा, दर शनिवारी दुपारी, काकू आमच्या टेबलाशी बसत आणि मी लिहिलेलं वाचत. मी एकेक प्रकरण पाच-पाचदा लिहिलं. त्या कधी 'छान' म्हणाल्या नाहीत. फार आवडलं तर 'पुढे' म्हणत. एका 'पुढे'साठी मी ऑफिसच्या मीटिंगा कॅन्सल केल्या आहेत. खाटेवरच्या पप्पांचं प्रकरण वाचून त्यांनी फक्त एक स्वल्पविराम काढला. शेवटचं पान संपेपर्यंत तलाव वितळले होते. पुस्तक पुन्हा चढवल्यावर आठवड्याभरात जालन्याहून थोरल्या बहिणीचा फोन आला. बराच वेळ ती इकडचं तिकडचं बोलली, आणि मग म्हणाली, "ते तीन महिने तू लिहिलेस. मला वाटायचं, तू लहान होतास, तुला काही ठाऊकच नाही. मी एकटीच ते घेऊन बसले होते." आम्ही दोघं भाऊबहीण त्या विषयावर त्या दिवशी पहिल्यांदा बोललो.

हे मी काकूंना सांगितलं, आणि धीर आला म्हणून विचारलं, "काकू, तुम्ही इतक्यांची पुस्तकं सुधारलीत. स्वतः का नाही लिहिलं?"

"लिहिलंय की," त्या म्हणाल्या.

त्यांनी खोलीतून एक फाइल आणली. स्वच्छ वळणदार अक्षरात, छापखान्यातल्या आयुष्याच्या आठवणी. ती सातवी प्रत होती. बावीस वर्षं त्या तेच पुस्तक तपासत होत्या. आम्ही नऊ जण कच्चंच वाढत सुटलो होतो आणि काकूंनी भांडं चुलीवरून उतरवलंच नव्हतं. मी काही बोलणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, "माहीत आहे. तू सांगू नकोस." मला वाटतं, तेवढी एकच चूक त्यांना दिसत असूनही दुरुस्त करता येत नव्हती.

त्या उन्हाळ्यात त्यांच्या मुलाची बदली ओहायोतल्या डब्लिनला झाली. घर आवरायला मी गेलो होतो. काकू खिडकीशी बसून होत्या. डाव्या डोळ्याच्या मधोमध आता करडा डाग दिसतो, असं त्यांनी हवामान सांगावं तसं सांगितलं. डॉक्टर म्हणाले होते, उजव्यातही येईल. मग त्यांनी ती फाइल माझ्या मांडीवर ठेवली. "तू तपासणीचंच काम करतोस ना," त्या म्हणाल्या. "टाइप कर. आणि तपास. भीड ठेवू नकोस."

मी चार महिने टाइप केलं आणि दर ओळ तपासली. कबूल करतो, एक तरी चूक सापडावी अशी माझी फार इच्छा होती. एकही सापडेना. गुटेनबर्गच्या काळापासूनच्या समस्त छापखान्यांचा सूड काकूंनी त्या दोनशे पानांत उगवला होता. आणि मग, शेवटून तिसऱ्या प्रकरणात, त्यांच्या यजमानांविषयी लिहिलेलं पान आलं. ते शाळेत शिक्षक होते, एवढंच मला ठाऊक होतं. पानाचं शेवटचं वाक्य असं होतं: 'त्या सकाळी हे मला छापखान्याच्या दारापर्यंत सोडायला आले, विसरलेला डबा हातात दिला आणि'. पुढच्या पानावर नवं प्रकरण सुरू होत होतं. मध्ये एखादं पान गहाळ झालं की काय म्हणून मी क्रमांक पाहिले. क्रमांक बरोबर होते.

मी डब्लिनला फोन केला. काकूंची सून त्यांच्या कानाशी फोन धरून उभी असावी. मागे भांड्यांचा आवाज येत होता.

"काकू, एक चूक सापडली," मी म्हटलं.

"पान एकशे ऐंशी," त्या म्हणाल्या.

"वाक्य अर्धवट राहिलंय. पुढे काय लिहायचं ते सांगा, मी घालतो."

पलीकडचा भांड्यांचा आवाज थांबला. मला वाटलं, फोन कट झाला.

"सातही वेळा मी तिथपर्यंत आले," काकू म्हणाल्या. "हे काय म्हणाले ते मी ऐकलंच नाही रे. मशीन सुरू झालं होतं, मला उशीर झाला होता, मी मान हलवली आणि आत गेले. दुपारी हे गेल्याचा निरोप आला. आता मनचं काहीतरी घातलं, तर ते खोटं होईल."

"मग काय करू?"

"राहू दे तसंच," त्या म्हणाल्या, आणि थोडं थांबून, "पुढे."