ओठ मिटल्यावर घेतलेलं नाव

आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या सॉल्टपाँड गावात भुईला दारू पाजायचा मान एसुमाननानांचा. बारसं असो, नवी होडी असो, नाहीतर पुढाऱ्याची सभा, नाना भुईवर जिन ओतता ओतता गेलेल्यांची नावं घ्यायचे आणि प्रत्येक नावाला जमाव "विये!" म्हणून साथ द्यायचा. नियम एकच. नाव मेलेल्याचंच घ्यायचं. जित्याचं घेतलंत, तर तो मेलाच म्हणून समजा.

म्हणूनच थोरल्या भावाचं, एकोचं नाव नानांनी चाळीस वर्षांत एकदाही घेतलं नव्हतं. सगळी आफ्रिका एक करायची म्हणून एको काँगोला गेला. पुढे ना पत्र, ना प्रेत. आई मरेपर्यंत त्याचं ताट वाढत राहिली.

आफ्रिका दिनाच्या सकाळी पक्षाच्या अराबाबाई सभेत घ्यायच्या नावांची यादी घेऊन आल्या. शेवटचं नाव एकोचं होतं.

"बाई, याला मरताना कुणी पाहिलंय?"

"नाना, निवडणूक तोंडावर आलीय. आफ्रिकेच्या एकीसाठी याच गावचा माणूस हुतात्मा झाला, हे लोकांना कळायला नको?"

"तुम्हाला हुतात्मा पाहिजे. मला भाऊ पाहिजे."

"मग जिन ओतायला दुसऱ्या कुणाला उभं करते. तुमचंच काही अडलंय का गावाला?"

मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे नानांनी पुष्कळ पाहिले होते, इथे तर मढंसुद्धा नव्हतं. पण दुसरा कुणी एकोला मारून मोकळा होण्यापेक्षा आपणच जावं, नाव गिळून टाकावं, असं त्यांनी ठरवलं.

भर दुपारी चौकात सभा भरली. नाना एकेक नाव घेत होते, "विये!" उठत होतं. एकोच्या नावाशी येताच त्यांनी ओठ घट्ट मिटले. वारा पडला. मंडपाची झालरसुद्धा हलेना.

"विये!" सगळा जमाव एकदम म्हणाला.

नानांनी बाटली सरळ केली आणि जमावाकडे पाहिलं.

सभा उठल्यावर अराबाबाई डोळे पुसत आल्या. "काय मायेनं हाक मारलीत, नाना! आवाज अगदी बाईमाणसासारखा कापत होता. आणि ते 'एको, माझ्या खेकडोबा' म्हणालात ना, तेव्हा तर मला रडूच फुटलं."

खेकडोबा. एकोला त्या नावानं फक्त आई हाक मारायची, तीही घरात.

नाना गुडघे टेकून बसले. बाटलीत उरली होती तेवढी सगळी जिन त्यांनी भुईवर ओतली.

"घे, दादा," ते रडत म्हणाले. "आई आलीय तुला न्यायला. जा तिच्याबरोबर."